स्विमिंग पूलच्या हीट पंपाला गळती: प्लास्टिकची फिटिंग बदलताना सील कशाने करावं?

तुंगार्लीकर

नमस्कार मंडळी. लोणावळ्यातल्या बंगल्याच्या पूलबद्दल सल्ला हवा आहे. पूल ८ बाय ४ मीटर, सरासरी खोली १.२ मीटर, म्हणजे साधारण ३८ हजार लिटर पाणी. पंप, सँड फिल्टर, पुढे १७ किलोवॅटचा हीट पंप आणि तिथून परत पूलमध्ये, अशी लाइन आहे. सगळी पांढऱ्या यूपीव्हीसीत (कडक पीव्हीसी), दोन इंची. हीट पंपाला आत-बाहेर अशा दोन युनियन (नट सोडून उघडता येणारे जोड) कंपनीकडूनच आलेल्या आहेत. युनियनपासून दोन इंची लाइनपर्यंतचं काम प्लंबरने जागेवर मिळेल त्या फिटिंगने जुळवलंय.

आता तीन ठिकाणी पाणी दिसतं. एक, बाहेर जाणाऱ्या बाजूच्या युनियनच्या नटाखालून ठिबकतं. नटाच्या आट्यांवर टेफ्लॉन गुंडाळून पान्याने आवळला, तर ठिबकणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. दोन, त्याच्या पुढे प्लास्टिकच्या एफटीएमध्ये (आतून आटे असलेली फिटिंग) जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा, निपल (दोन्हीकडे आटे असलेला छोटा तुकडा) आवळलेला आहे, तिथे एफटीएला तोंडापासून उभी चीर गेली आहे. वरून एम-सील थापलं, पण पंप सुरू झाला की कडेने पाझरतं. तीन, युनिटच्या खाली ओट्यावर पाणी साचतं आणि ते नेमकं कुठून येतं ते कळत नाही.

प्लंबरचं म्हणणं, "गरम पाणी म्हणजे सीपीव्हीसीच पाहिजे, सगळी लाइन बदलू." तसं करणं गरजेचं आहे का? आणि नवीन फिटिंगला सील म्हणून काय वापरावं: टेफ्लॉन, सफेदा-दोरा, सिलिकॉन, की ते बाटलीतलं ॲनारोबिक (हवा बंद झाली की घट्ट होणारं)? दुकानात प्रत्येक जण वेगळं सांगतो.

---

पाइपफिटर_नाशिक

तिसऱ्या पाण्यापासून सुरुवात करा, कारण ती बहुतेक गळतीच नाही. हीट पंप हवेतली उष्णता ओढून घेतो, त्यात त्याची मागची जाळी थंड पडते आणि हवेतलं बाष्प तिच्यावर जमून खाली टपकतं. लोणावळ्याच्या दमट हवेत तासाला काही लिटर पाणी असं सहज पडतं. तपासायची सोपी रीत: हीट पंप बंद करा, फिल्टरचा पंप तसाच चालू ठेवा आणि ओटा कोरडा पुसून घ्या. तासाभरात पाणी आलं नाही तर ते बाष्पाचं होतं. तरी खात्री हवी असेल तर त्या पाण्यात क्लोरीनची टेस्ट स्ट्रिप बुडवा. पूलच्या पाण्यात क्लोरीन दिसेल, जमलेल्या बाष्पात दिसणार नाही. युनिटच्या तळाला निचऱ्याची तोटी असते, तिला नळी जोडून पाणी बाजूला काढलं की ओटा कोरडा राहतो आणि पुढे खरी गळती झाली तर लगेच दिसते.

आता सीलचं. "कोणता सीलंट चांगला" हा प्रश्नच अर्धा चुकतो. तुमच्या लाइनवर तीन जातींचे जोड आहेत आणि पाणी अडवायची प्रत्येकाची जागा वेगळी. सोल्युशनचा जोड प्लास्टिक विरघळून एकजीव होतो, तिथे दुसरं काही लावायचं नसतं. आट्यांचा जोड निमुळत्या आट्यांच्या पाचरीवर बसतो, फटी भरायला टेप लागते. आणि युनियनमध्ये पाणी अडवते ती ओ-रिंग. नटाचे आटे फक्त दोन तोंडं एकमेकांवर दाबून धरतात, पाण्याशी त्यांचा संबंध नाही.

म्हणून युनियनच्या नटावर टेफ्लॉन लावलं की उलटं होतं. टेपमुळे नट पुरा बसायच्या आधीच जड लागतो, आपल्याला वाटतं आवळला, आणि आत ओ-रिंग दाबलीच जात नाही. वर पाना लावून जोर केला की नटालाच चीर जाते. सगळी टेप काढा, आट्यांतले तुकडे दात घासायच्या जुन्या ब्रशने साफ करा. ओ-रिंग बाहेर काढून बोटांत वाकवून पाहा. चपटी पडली असेल, कडा चौकोनी झाल्या असतील किंवा वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या तर नवीन घ्या. शक्यतो ईपीडीएम रबराची घ्या, ती क्लोरीनच्या पाण्यात जास्त टिकते. चर आणि समोरचं सपाट तोंड नखाने चाचपून बघा. बाहेर ओघळलेल्या सोल्युशनचा एखादा थेंब तिथे वाळून बसला असेल तर रिंग कितीही नवी असली तरी गळणार.

ओ-रिंगला वाटाण्याएवढं सिलिकॉन ग्रीस चोळा. व्हॅसलीन किंवा गाडीचं ग्रीस नको, पेट्रोलियममुळे ईपीडीएम फुगतं आणि चरातून बाहेर येतं. सिलिकॉन ग्रीस आणि ट्यूबमधलं सिलिकॉन सीलंट या दोन वेगळ्या वस्तू आहेत, दुकानदाराला नीट सांगा. ट्यूबमधलं सिलिकॉन युनियनमध्ये भरलं तर पुढच्या वेळी ती खोलताना खरवडत बसावं लागतं. नट हाताने पूर्ण आवळा, वर पट्ट्याच्या पान्याने फार तर पाव फेरा. त्यानंतरही गळत असेल तर दोष आवळण्यात नाही. रिंग, तोंड किंवा पाइपची सरळ रेषा, यांपैकी काहीतरी बिघडलंय. नट सोडल्यावर दोन्ही तोंडं बाजूला सरकत असतील किंवा मध्ये फट पडत असेल, तर पाइप ताणात आहे. नटाच्या जोराने तो ताण ओढून घेऊ नका, पाइप कापून नीट जुळवा.

चिरेचं कारण तर तुमच्या वर्णनातच आहे: प्लास्टिकच्या मादीत (आतून आटे) लोखंडाचा नर (बाहेरून आटे). निमुळते आटे आवळत जावे तसे बाहेरच्या भागाला फाकवतात. लोखंड दबत नाही, त्यामुळे सगळा ताण प्लास्टिकच्या कडीवर येतो आणि ती तोंडापासून उभी फाटते. तेही आवळल्याबरोबर नव्हे, बऱ्याचदा काही आठवड्यांनी. नियम उलटा ठेवायचा: मादी धातूची, नर प्लास्टिकचा. आतून पितळी आटे बसवलेली प्लास्टिकची फिटिंग, म्हणजे एफएबीटी, घ्या आणि त्यात प्लास्टिकचा एमटीए (बाहेरून आटे असलेली फिटिंग) आवळा.

चीर कशी आहे त्यावरून कारण ओळखता येतं. उभी, तोंडापासून निघालेली चीर म्हणजे जास्त आवळणं किंवा टेपचा भरणा. मानेवर गोल फिरलेली चीर म्हणजे वाक आणि कंप, आधार नसलेला पाइप हीट पंपाच्या थरथरीने मानेशी मोडतो. पांढुरका डाग आणि त्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसल्या तर रसायनाने प्लास्टिक खाल्लंय, आणि याला बहुतेक वेळा चुकीचा सीलंटच कारणीभूत असतो.

म्हणून प्लास्टिकच्या आट्यांना ॲनारोबिक लावू नका. ते धातू-धातूच्या जोडासाठी आहे. हवा नसलेल्या जागी धातूच्या संपर्काने ते घट्ट होतं, प्लास्टिकवर ते नीट सुकत नाही आणि ओलं राहिलेलं द्रव्य पीव्हीसी आणि एबीएस या दोन्ही प्लास्टिकांना तडे पाडतं. पूलच्या फिल्टरवरच्या, पाण्याची वाट बदलणाऱ्या मल्टिपोर्ट व्हॉल्व्हची बॉडी बऱ्याचदा एबीएसची असते, तिथे तर अजिबात नको. पेस्ट वापरायचीच असेल तर डब्यावर पीव्हीसी, सीपीव्हीसी, एबीएस यांचा उल्लेख असलेली, टेफ्लॉन मिसळलेली आणि न सुकणारी घ्या. आट्यांवर गुंडाळायचा लोक्टाइट ५५ हा धागा मात्र प्लास्टिकला चालतो, नावावरून ॲनारोबिकशी गल्लत करू नका.

टेप लावायची रीत: नराचं तोंड स्वतःकडे धरा, पहिला आटा मोकळा सोडा आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने ताणून गुंडाळा. नेहमीची पातळ पांढरी टेप असेल तर तीन-चार थर, दीड इंची आट्याला साधारण एक मीटर टेप पुरते. हाताने जाईल तितकं आवळा, नंतर पान्याने एक फेरा, फार तर दोन. आणि एकदा आवळलेला निमुळता आटा एल्बोचं तोंड जुळवायला मागे फिरवायचा नाही. फिरवलात तर खोलून, टेप काढून पहिल्यापासून करा.

---

जुनाजाणता

सफेदा-दोरा इतकी वर्षं चालत आला, त्यात काय वाईट? टेफ्लॉनपेक्षा कितीतरी पक्का बसतो, मागे फिरवला तरी गळत नाही.

---

पाइपफिटर_नाशिक

जीआयला जीआय असेल तर माझंही मत तेच, दोऱ्याला तोड नाही. प्लास्टिकला दोन अडचणी. दोरा पाणी पिऊन फुगतो, आणि जीआयमध्ये जो गुण तोच प्लास्टिकच्या मादीत पाचर होतो. दुसरं, सफेदा तेलात कालवलेला असतो आणि कोणतं तेल, कोणता पातळ करणारा पदार्थ, हे डब्यावर लिहिलेलं नसतं. पितळी मादीत प्लास्टिकचा नर असेल तरी दोऱ्याने नराचे आटे चेपतात. प्लास्टिकवर टेप बास.

---

दोन_इंची

सील ठरवायच्या आधी कॅलिपरने मापं घ्या. परदेशी बनावटीच्या हीट पंपांच्या युनियन बऱ्याचदा ५० मिमी बाहेरव्यासाच्या पाइपसाठी असतात. आपल्याकडे प्लंबिंगच्या दुकानात मिळणारा पांढरा शेड्यूल ४० (भिंतीच्या जाडीचा एक वर्ग) पाइप इंची मापाचा: दीड इंचीचा बाहेरचा व्यास ४८.३ मिमी, दोन इंचीचा ६०.३. शेतीच्या दुकानातला आयएस ४९८५ या भारतीय मानकाचा पाइप मिमीच्या मापाचा: ५०, ६३, ७५. दीड इंची म्हणजे ५० आणि दोन इंची म्हणजे ६३ असं बोलायची सवय आहे, पण ५० च्या सॉकेटमध्ये ४८.३ चा पाइप पावणेदोन मिमी ढिला राहतो. सोल्युशन तेवढी फट भरत नाही. कोरड्या पाइपावर फिटिंग चढवून बघा: हाताने सॉकेटच्या एक तृतीयांश ते दोन तृतीयांश खोलीपर्यंत जाऊन अडकलं पाहिजे. सरळ तळाला जाऊन खुळखुळत असेल तर माप चुकलंय, मग सोल्युशन कितीही ओता.

मला शंका येते ती अशी: नटाखालून येणारं पाणी युनियनच्या टेलपीसमधल्या (ज्यात पाइप बसतो तो तुकडा) सोल्युशनच्या जोडातून येत असेल आणि नटावरून ओघळत असेल. टिश्यूचा कागद आधी टेलपीस आणि पाइप जिथे मिळतात तिथे लावा, मग नटाच्या वर, मग खाली. पहिला कुठला ओला होतो ते बघा.

सीपीव्हीसीबद्दल: दोन इंचापर्यंतचा आपल्याकडचा सीपीव्हीसी वेगळ्याच मापाचा, म्हणजे तांब्याच्या नळ्यांच्या मापाचा असतो. दोन इंचीचा बाहेरव्यास ५४ मिमी. यूपीव्हीसीच्या दोन इंची फिटिंगमध्ये तो बसतच नाही. शिवाय जाड भिंतीमुळे एसडीआर ११ मध्ये (बाहेरव्यास भिंतीच्या जाडीच्या ११ पट) आतली वाट ४४ मिमीच्या आसपास उरते, शेड्यूल ४० यूपीव्हीसीत ती ५२.५ आहे. म्हणजे पाण्याला जायची जागा जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी. "दोन इंची काढून दोन इंची घातली" म्हणता म्हणता लाइन अरुंद होते.

आणि गरज तरी आहे का? १७ किलोवॅटच्या मशीनमधून ताशी ८ हजार लिटर पाणी गेलं तर ते दोन अंशांनीही वाढत नाही. पूल ३० वर असेल तर बाहेरचं पाणी ३२ च्या आत. दोन इंची शेड्यूल ४० यूपीव्हीसीचा दाब २३ अंशांना २८० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) धरतात, ४३ अंशांना तो निम्म्यावर येतो, तरी १४० पीएसआय. तुमच्या फिल्टरचा काटा २० च्या पुढे क्वचित जात असेल. यूपीव्हीसीची हद्द ६० अंश आहे, हीट पंपाचं पाणी तिथे पोचत नाही. सीपीव्हीसीचे पैसे वाचवून त्यात पूलला कव्हर घ्या. उष्णता जाते ती मुख्यतः पृष्ठभागावरच्या बाष्पीभवनाने, पाइपातून नव्हे.

---

तुंगार्लीकर

धन्यवाद. हीट पंप बंद करून तासभर पाहिलं, ओटा कोरडा राहिला. म्हणजे ते बाष्पच. टेलपीसच्या सॉकेटचं तोंड ५०.३ मिमी भरलं आणि त्यात घातलेला पाइप ४८.३, अगदी सांगितलंत तसंच. टिश्यूही तिथेच आधी ओला झाला. जोडाभोवती सोल्युशनचा जाड घेर आहे.

अजून एक विचारायचं राहिलं. क्लोरीनच्या गोळ्यांचा फीडर फिल्टर आणि हीट पंप यांच्या मध्ये बसवलेला आहे. तो तिथेच ठेवला तर चालेल का?

---

एडिसनवासी

फीडर तिथे नको. ट्रायक्लोरच्या गोळ्यांचं पाणी चांगलंच आम्लधर्मी असतं, पीएच ३ च्या आसपास. पंप चालू असताना ते पातळ होऊन जातं, बंद झाल्यावर मात्र फीडरमधलं तीव्र पाणी हीटरमध्ये उतरून तिथेच थांबतं. हीट पंपाची टायटॅनियमची नळी ते सहन करते, पण ओ-रिंगा, सेन्सरचे खोबण आणि पितळी आटे करत नाहीत. क्रम पंप, फिल्टर, हीटर, एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह), फीडर असा ठेवा. एनआरव्ही हीटर आणि फीडरच्या मध्ये, बाण फीडरकडे. पारदर्शक झाकणाचा मिळाला तर उत्तम, पडदा अडकला की वरून दिसतो.

इथे न्यू जर्सीत बहुतेकांकडे गॅस हीटर आहेत, त्यांचं गणित वेगळं आहे. कोणी इथलं वाचून गॅस हीटरला तेच लावू नये म्हणून लिहितो. गॅस हीटर बंद झाल्यावर आतल्या तापलेल्या धातूची उष्णता साचलेल्या पाण्यात उतरते, ते पाणी ६० च्या वर जाऊन लगतचं पीव्हीसी मऊ करतं. तिथे हीटरला लागून सीपीव्हीसी किंवा धातूचा तुकडा ठेवतात, लांबी किती ते कंपनीच्या पुस्तिकेत असतं. पुस्तिकेत हीटर बंद झाल्यावर काही मिनिटं पंप चालू ठेवायला सांगितलं असेल, तर टायमर तसा लावा.

अमेरिकी हीटर किंवा पंप भारतात बसवणाऱ्यांसाठी अजून एक: इथले आटे एनपीटी (अमेरिकी मानक), तिथे सहसा बीएसपी (ब्रिटिश मानक). दीड आणि दोन इंचीत एनपीटीचे इंचाला साडेअकरा आटे, बीएसपीचे अकरा. कोनही वेगळा, ६० आणि ५५ अंश. व्यास जवळजवळ सारखा असल्यामुळे दोन-तीन फेरे छान जातात, मग अडकतं, आणि माणसाला वाटतं घट्ट बसलं. त्या जोडाला कितीही टेप लावा, पाणी आट्यांच्या वळशातून फिरत फिरत बाहेर येतंच. आटे मोजायची पट्टी नसेल तर सपाट पट्टी लावून दोन इंचांत किती आटे बसतात ते मोजा: २३ की २२.

पंपाच्या तोंडाचा एमटीएही बघून घ्या. पंप कधी कोरडा चालला असेल तर आतलं पाणी उकळून तिथला प्लास्टिकचा आटा आखडतो आणि बारीक होतो. बाहेरून फिटिंग धड दिसतं, ओढण्याच्या बाजूला हवा शिरते आणि पूलच्या इनलेटमधून बुडबुडे येत राहतात. ते टेपने भरून निघत नाही, एमटीएच बदलावा लागतो.

---

पाइपफिटर_नाशिक

मापं आली, आता काम सरळ आहे. टेलपीसमधून जुना पाइप नीट निघणार नाही, खरवडण्यात वेळ घालवू नका. त्याच युनियनचा नवा टेलपीस मागवा, किंवा युनियनचा पूर्ण जोड. पुढे असं जोडा: टेलपीसमध्ये ५० मिमीचा, १० किलो दाबाचा आयएस ४९८५ पाइप, साधारण २० सेंटिमीटर. त्याच्या टोकाला ५० मिमीचा, दीड इंची आट्याचा एमटीए. तो आवळायचा दीड इंची एफएबीटीमध्ये, आणि एफएबीटीपासून दीड इंची पाइपाचा छोटा तुकडा घालून दीड-दोन इंची रिड्यूसरने दोन इंची लाइनला. ५० मिमी ते दोन इंची असा थेट अडॅप्टर पूलच्या दुकानात मिळाला तर आट्याचा जोडही टळतो, तोच घ्या. पाइप गॅसच्या बत्तीवर तापवून फुगवायचा आणि दुसऱ्या मापात बसवायचा प्रकार प्लंबर सुचवेल, त्याला नको म्हणा. फुगवलेल्या जागी भिंत पातळ होते आणि थंड झाल्यावर पाइप पुन्हा आखडायला बघतो.

आत जाणाऱ्या बाजूलाही हेच माप असणार. आज गळत नाही म्हणून सोडू नका, पाणी चढवायच्या आधी दोन्ही करून टाका. कापाकापी होतेच आहे तर तीन बॉल व्हॉल्व्हचा बायपास घाला: आत एक, बाहेर एक आणि दोघांच्या मध्ये एक. मशीन दुरुस्तीला काढलं तरी फिल्टर चालू राहतो आणि हीट पंपाला लागतं तेवढंच पाणी मधल्या व्हॉल्व्हने ठरवता येतं. तो प्रवाह मशीनच्या पाटीवर ताशी घनमीटरमध्ये लिहिलेला असतो.

सोल्युशनचं काम करताना सर्वांत जास्त घाई होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी हीट पंप आणि फिल्टर पंप दोन्हींचे एमसीबी पाडा. पाइप काटकोनात कापा, एक्सो (हॅकसॉ) ब्लेडने कापताना कागदाची पट्टी गुंडाळून कडेवर रेघ मारली की काप सरळ येतो. आतले-बाहेरचे बुरे सुरीने काढा आणि बाहेरच्या कडेला कानशीने थोडा उतार द्या. उतार नसला की धारदार कड सॉकेटमधलं सोल्युशन खरवडून तळाला ढकलते. सगळं कोरडं जोडून बघा आणि फिटिंगवरून पाइपवर पेन्सिलीची रेघ ओढा, म्हणजे ओलं असताना एल्बोचं तोंड कुठे यायचं ते शोधावं लागत नाही.

टेलपीस लावण्याआधी नट पाइपावर ओवून घ्या. हे विसरलं की जोड कापूनच काढावा लागतो. ओ-रिंग काढून बाजूला ठेवा.

प्रायमर दोन्ही भागांना फिरवा. तो ओला असतानाच सोल्युशन पाइपाला भरपूर, सॉकेटला पातळ, परत पाइपाला एक हात. सॉकेटमध्ये जास्त झालं तर आत गोळा होतो, तो पाइप मऊ करतो आणि कधी वाट अडवतो. पाव फेरा देत तळापर्यंत ढकला आणि ३० सेकंद दाबून धरा. सोडलं तर निमुळता सॉकेट पाइप परत बाहेर ढकलतो. बाहेर सगळीकडे एकसारखा बारीक घेर दिसला पाहिजे, जास्तीचं फडक्याने पुसा. यूपीव्हीसीला यूपीव्हीसीचंच, मध्यम किंवा घट्ट प्रकारचं सोल्युशन घ्या. दोन इंची जोडाला साधारण १५ मिली लागतं, वीसेक जोडांना अर्धा लिटरचा डबा भरपूर. जेलीसारखं झालेलं सोल्युशन थिनरने पातळ करू नका, फेकून द्या.

दोन इंचीला १६ अंशांच्या वर हात न लावायचा वेळ पाच मिनिटं आणि कमी दाबाला अर्धा तास पुरतो असं तक्ते सांगतात, पण दमट हवेत त्याच्या दीडपट धरा. लोणावळ्यात मी तर रात्रभर सोडीन. तोवर युनियन उघडी ठेवा, म्हणजे सोल्युशनची वाफ मशीनमध्ये कोंडत नाही. पावसाळ्यात करत असाल तर वर ताडपत्री बांधा. पाइपावर दव असलं तर सोल्युशन दुधाळ दिसतं आणि तो जोड कच्चा राहतो.

---

दोन_इंची

वरच्यात भर: चाचणी पाण्यानेच घ्या, कंप्रेसरची हवा भरून नको. पीव्हीसी हवेच्या दाबाखाली फुटलं तर तुकडे उडतात. आधी बायपास उघडा ठेवून पंप चालवा, मग हळूहळू मधला व्हॉल्व्ह बंद करत पाणी हीट पंपातून न्या. दोन तास प्रत्येक जोडाला टिश्यू गुंडाळून ठेवा. दुसऱ्या दिवशी पंप सुरू होतानाच्या धक्क्याला परत बघा, कारण ढिला जोड बऱ्याचदा तेव्हाच उघडा पडतो.

पाइपाला दर सव्वा मीटरवर आधार द्या आणि हीट पंपाजवळचा पहिला आधार युनियनपासून फूटभरात. क्लॅम्प पाइपाला आवळून टाकू नका, सरकायला जागा हवी. सहा मीटरचा पाइप सकाळच्या गारव्यापासून दुपारच्या उन्हापर्यंत २५ अंश तापला तर आठ-नऊ मिमी लांबतो, आणि तो ताण शेवटी युनियनवरच येतो. उघड्यावरच्या पाइपाला हलका सँड पेपर मारून पांढरा, पाण्यात मिसळायचा ॲक्रिलिक रंग द्या. ऑइल पेंट नको, त्यातला थिनर पीव्हीसीला लागतो.

---

तुंगार्लीकर

यादी केली: दोन युनियन टेलपीस आणि ईपीडीएम रिंगा, ५० मिमीचा पाइप, दोन एमटीए, दोन एफएबीटी, दोन रिड्यूसर, तीन बॉल व्हॉल्व्ह, एनआरव्ही, प्रायमर, सोल्युशन, सिलिकॉन ग्रीस. चिरलेल्या एफटीएवरचं एम-सील तात्पुरतं म्हणून सामान येईपर्यंत चालेल ना?

---

पाइपफिटर_नाशिक

एम-सील ओल्या जागेवर धरत नाही आणि बाहेरून लावलं तर आतला दाब त्याला सोलून काढतो. चीर तोंडापासून निघालेली आहे, म्हणजे पुढे धावणार. त्यापेक्षा तो तुकडा कापून काढा आणि फिल्टरच्या बाजूची लाइन दोन इंची पाइप, चार एल्बो वापरून थेट परतीच्या लाइनला जोडा. तोच पुढे तुमचा बायपास होईल, फक्त मधल्या बॉल व्हॉल्व्हला जागा सोडून कापा. यादीत त्या एल्बो, दोन इंचीच्या दोन टी, थोडा दीड आणि दोन इंची पाइप आणि टेफ्लॉनची रिळं लिहायची राहिली आहेत.